दारावरचा पडदा



मी निलंग्याचा. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. घरात आम्ही दख्खनी बोलतो, कविता मात्र मराठीत लिहितो. अशा माणसाने पेशी, केंद्रक, प्रथिने असल्या विषयावर बोलायला बसावे याचे तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटते. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण काही विषय माणूस निवडत नाही, ते आपणहून घरात येऊन बसतात. हा विषय आमच्या घरात आला तो माझ्या थोरल्या भावाच्या बोटांतून.

भाई टेलर होते. चाळीस वर्षे त्यांनी निलंग्याच्या बाजारात मशीन चालवली. शाळेचे गणवेश, लग्नाच्या शेरवान्या, पुढाऱ्यांचे खादीचे सदरे, सगळे त्यांच्या हातून गेले. २०१८ च्या पावसाळ्यात त्यांना सुईत दोरा ओवता येईना. नंबर वाढला असेल म्हणून आम्ही नवा चष्मा करून आणला. दोरा दिसत होता, सुईचे नाक दिसत होते, पण अंगठा आणि तर्जनी एकमेकांना धड भेटत नव्हती. मग कात्री जड झाली. बकरी ईदच्या दिवशी त्यांना स्वतःच्या कुर्त्याची गुंडी लावता आली नाही. ती मी लावली. दोघेही काही बोललो नाही.

लातूरला दाखवले, तिथून मोठ्या शहरात पाठवले. आजाराचे नाव निघाले मोटर न्यूरॉन डिसीज, त्यातला ए.एल.एस. हा प्रकार. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या चेतापेशी यात एकेक करून मरतात. आधी हात, मग पाय, मग गिळणे, शेवटी श्वास. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार होता. ते त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे जगले, पण तो अपवाद. लक्षणे सुरू झाल्यापासून बहुतेक रुग्णांना दोन ते पाच वर्षे मिळतात. रिल्युझोल नावाची गोळी १९९५ पासून आहे, तिने आयुष्य काही महिन्यांनी लांबते. डॉक्टरांनी हे सगळे शांतपणे, पाणी पाजून सांगितले. त्या सभ्यतेबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

पण घरातला माणूस असा बसल्या जागी विझताना पाहून कोण गप्प राहील? माझ्या पुतण्याने मोबाईलवर एक जाहिरात शोधली. दूरच्या एका शहरातले केंद्र होते. मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचून मेलेल्या चेतापेशी पुन्हा उभ्या करतो असा त्यांचा दावा होता. चार इंजेक्शने, साडेचार लाख रुपये, राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. आमच्याकडे अब्बांच्या नावची दोन एकर काळी जमीन. सोयाबीन, तूर होते. ती भाईंच्या आणि माझ्या सामाईक नावावर. गिऱ्हाईकही ठरले. माझी सही तेवढी बाकी होती, आणि खरे सांगतो, माझी ना नव्हती. भावापेक्षा माती मोठी नाही, एवढे बी.ए.लाही कळते.

दिवाळीच्या सुट्टीत भाईंची मुलगी पुण्याहून आली. ती तिथे जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करत होती. जमिनीचे ऐकून ती म्हणाली, “चाचा, सही करू नका.” तिचा भाऊ उसळला. “अब्बांपेक्षा जमीन मोठी झाली का तुला?” ती रडली नाही. मला म्हणाली, “आज रात्री मला एक तास द्या. नंतर तुम्हाला वाटले तर सही करा, मी अडवणार नाही.”

त्या रात्री ओसरीवर ती मला जे सांगत बसली, तेच आज मी तुम्हाला सांगणार आहे. त्यात मी नंतर वाचलेले, विचारलेलेही आहे. चुका असतील तर त्या माझ्या.

तिने सुरुवात केली ती बैठकीतून आत जाणाऱ्या दारापासून. आमच्या त्या दारावर पडदा आहे, भाईंनीच शिवलेला. ती म्हणाली, “चाचा, या पडद्यातून कोण कसे जाते ते सांगा.” मी म्हटले, मांजर जाते, गल्लीतली चिल्लीपिल्ली जातात, त्यांना कोणी विचारत नाही. मोठा परका माणूस आला तर तो बाहेर थांबतो, खाकरतो. घरातले कोणी येऊन “या” म्हणाले, तरच सोबतीने आत जातो. ती म्हणाली, “झाले. पेशीच्या केंद्रकाचे दार असेच असते.”

आपले शरीर पेशींचे. पेशीच्या पोटात केंद्रक असते आणि केंद्रकात डी.एन.ए., म्हणजे आपल्या घडणीची मूळ किताब. ही किताब घराबाहेर जात नाही. तिच्यातल्या हव्या त्या पानाची नक्कल होते, ती बाहेर जाते, आणि बाहेर तिच्याबरहुकूम प्रथिने तयार होतात. केंद्रकाभोवती दुहेरी पटल असते आणि त्या पटलाला दारे असतात. १९५० मध्ये कॅलन आणि टॉमलिन या दोन संशोधकांनी उभयचर प्राण्यांच्या अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या तेव्हा त्या पटलावर ही छिद्रे दिसली. माणसाच्या एका पेशीत अशी साधारण दोन-तीन हजार दारे असतात. एकेक दार इतके लहान, की केसाच्या जाडीवर शेजारी शेजारी सहाशे-सातशे बसावीत. पण ते नुसते भोक नव्हे. सुमारे तीस प्रकारची प्रथिने, त्यांचे मिळून जवळजवळ हजार तुकडे, आठ पाकळ्यांच्या फुलासारखे जोडून एक दार होते. या प्रथिनांना न्यूक्लिओपोरिन म्हणतात. आपण दारप्रथिने म्हणू या.

दार म्हटले की आपल्याला फळी, कडी, कोयंडा आठवतो. इथे यातले काही नाही. दाराच्या मधल्या पोकळीत काही दारप्रथिनांचे मोकळे, लवचिक शेव लोंबत असतात. म्हणजे पडदाच. लहान रेणू त्यातून सहज जातात. मोठ्या प्रथिनाला सोबती लागतो. त्या प्रथिनाच्या अंगावर एक खूण असते, ती ओळखून सोबती त्याला धरतो आणि पडद्यातून आत नेतो. बाहेर येतानाचे सोबती वेगळे. एका दारातून सेकंदाला हजाराच्या आसपास अशा ये-जा होऊ शकतात. सोमवारच्या बाजारातही आमच्याकडे एवढी गर्दी नसते.

आता भाईंचा आजार. निरोगी चेतापेशीत टी.डी.पी.-४३ नावाचे एक प्रथिन मुख्यतः केंद्रकात राहते. किताबाच्या नकला नीट होतात की नाही हे पाहणे हे त्याचे एक काम. २००६ मध्ये असे आढळले, की ए.एल.एस.च्या रुग्णांच्या चेतापेशींत हे प्रथिन केंद्रकातून नाहीसे होते आणि बाहेर गोळे होऊन पडते. पुढे कळले की या आजाराच्या जवळजवळ सर्व रुग्णांत हेच घडते. घरातला कर्ता माणूस घराबाहेर अडकून पडावा आणि आतला कारभार कोसळावा, तसे.

तो बाहेर का अडकतो? २०११ मध्ये आनुवंशिक ए.एल.एस.चे एक मोठे कारण सापडले. एका जनुकात सहा अक्षरांचा एक तुकडा निरोगी माणसात थोड्या वेळा येतो, तो या रुग्णांत शेकडो-हजारो वेळा येतो. पाश्चात्त्य देशांत हे अधिक दिसते, आपल्याकडे कमी. २०१५ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी, कोणी यीस्टवर, कोणी फळमाशीवर काम करून, एकाच सुमारास एकच गोष्ट दाखवली. या दोषात केंद्रकाच्या दारातली ये-जा बिघडते.

हे ऐकताना मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवली. किल्लारीच्या भूकंपाची. आमचे जुने दगड-मातीचे माळवद पडले नाही, पण आतल्या खोलीची चौकट वाकली. दार उघडेना. आत अम्मी होत्या. भाईंनी पहार घालून दार उचकटले आणि त्यांना बाहेर काढले. घर उभे असते, माणूस जिवंत असतो, आणि नुसती चौकट वाकल्याने जिवावर बेतते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चेतापेशींनाच हे अधिक का भोवते, याचाही एक धागा सापडतो. कातडीच्या पेशी विभागतात, नव्या होतात, त्यांची दारेही नव्याने उभी राहतात. चेतापेशी विभागत नाहीत. २०१२-१३ च्या सुमारास उंदरांच्या मेंदूचा अभ्यास झाला, त्यात काही दारप्रथिने वर्षभरानंतरही जुनीच आढळली. उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. म्हणजे घर बांधताना बसवलेली चौकट जवळजवळ जन्मभर तीच. वय वाढते तशी तीही झिजते.

इथवर माझ्या लक्षात आले. मी म्हटले, “मग मूलपेशी टोचून नव्या चेतापेशी आणता येत असतील तर वाईट काय?” ती म्हणाली, “त्यासाठी मूलपेशी म्हणजे काय ते आधी पाहू.”

मूलपेशी म्हणजे अजून पेशा न ठरलेली पेशी. ती स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करू शकते, आणि योग्य इशारा मिळाला की स्नायू, रक्त, चेता यांपैकी काही होऊ शकते. किताब सगळ्या पेशींत तीच. पण कोणती पाने उघडायची आणि कोणती मिटून ठेवायची, यावर पेशा ठरतो. आणि या उघडण्या-मिटण्यात दारप्रथिनांचा हात असतो. ग्युंटर ब्लोबेल या शास्त्रज्ञाने १९८५ मध्येच तसा तर्क मांडला होता. २०१२ मध्ये अमेरिकेत मार्टिन हेट्झर यांच्या गटाने उंदराच्या पेशींवर दाखवले, की विभागत राहणाऱ्या मूळ अवस्थेत दारात एक विशिष्ट प्रथिन नसते. स्नायू किंवा चेतापेशी होण्याच्या वाटेवर ते दारात येऊन बसते. ते येऊ दिले नाही तर पेशी पुढे घडतच नाही. दाराची घडण बदलली की घराचे नशीब बदलते, म्हणा ना.

आणि यातले एक काम आपल्या पुण्यात झालेले आहे. पाषाणच्या ‘आयसर’ या संस्थेत कुंदन सेनगुप्ता यांच्या गटाने, त्यात अजय लबडे आणि कृष्णपाल करमोडिया हे सहसंशोधक, २०१६ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. शरीर घडताना डोक्यापासून खालपर्यंत कुठे काय असावे हे ठरवणाऱ्या जनुकांपैकी एका समूहाला ‘हॉक्स-ए’ म्हणतात. हे काम गर्भावस्थेतले. ते उरकले की ती पाने मिटलेली बरी. ‘नप-९३’ नावाचे दारप्रथिन आपल्या दोन जोडीदारांच्या मदतीने ही जनुके गप्प ठेवते, असे या गटाला आढळले. ते कमी केले की जनुके जागी होतात आणि केंद्रकाच्या कडेपासून दूर सरकतात. पेशी घडत असताना हे कसे बदलत जाते याचा पुढचा अभ्यास त्याच गटाने २०२१ मध्ये मांडला. म्हणजे दाराशी बसलेला हा राखणदार येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहतोच, शिवाय आतली काही पाने बोटाने दाबून धरतो.

हे बोट सुटले तर काय होते, त्याचे एक भयंकर उदाहरण रक्ताच्या कर्करोगात आहे. १९९६ मध्ये काही रुग्णांत दिसले, की ‘नप-९८’ या दारप्रथिनाचे जनुक मोडले आहे आणि त्याचा तुकडा हॉक्स-ए समूहातल्याच एका जनुकाला जोडला गेला आहे. या जोडामुळे रक्ताच्या मूलपेशी परिपक्व होण्याऐवजी बेसुमार वाढत राहतात. या दारप्रथिनाच्या जनुकाचे असे तिसाहून अधिक वेगवेगळ्या जनुकांशी झालेले जोड आता माहीत आहेत. मूत्रपिंडाचा एक हट्टी विकार, हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा एक आनुवंशिक प्रकार, यांतही कुठले ना कुठले दारप्रथिन सदोष असल्याचे सापडले आहे. एवढ्याशा दाराचे एवढे दुखणे.

“मग मूलपेशींनी काहीच बरे होत नाही का?” मी विचारले. ती म्हणाली, “होते की. रक्ताचे आजार होतात.” बोनमॅरो बदलणे म्हणजे रक्ताच्या मूलपेशी बदलणे. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर असे रोपण केले. भारतातले हे पहिले यशस्वी रोपण. मॅरो दिला होता तिच्या भावाने. डॉ. अडवाणी स्वतः लहानपणी पोलिओ होऊन चाकाच्या खुर्चीत बसलेले. ही जाहिरात नव्हे, ही वर्षानुवर्षे तपासून सिद्ध झालेली विद्या आहे.

रक्ताची पेशी शिरेतून सोडली की आपल्या घरी, हाडाच्या पोकळीत, जाऊन बसते. चेतापेशीचे तसे नाही. तिला मणक्यापासून हाताच्या बोटापर्यंत हातभर लांब तंतू न्यावा लागतो, नेमक्या स्नायूशी सांधावा लागतो. बाहेरून टोचलेली पेशी हे सगळे करते आणि रुग्ण बरा होतो, असे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे, की रक्ताच्या विकारांतले मान्य रोपण सोडून मूलपेशींचा इतर वापर हा उपचार नव्हे, तो फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. आणि चाचणीचा खर्च रुग्णाच्या खिशातून काढायचा नसतो.

मग ए.एल.एस.मध्ये मूलपेशींचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो इंजेक्शनात नाही, आरशात आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशी मागे नेऊन मूलपेशींसारख्या केल्या. त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले. त्यामुळे रुग्णाच्या कातडीचा कण घेऊन त्यापासून त्याच्याच चेतापेशी काचेच्या बशीत वाढवता येतात. मेंदू न उघडता आजार डोळ्यांनी पाहता येतो. दारातली ये-जा बिघडते हे २०१५ मध्ये अशा पेशींतही दिसले. औषधाची वाट त्या बशीतून जाते. वाट लांब आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत या आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारावर टोफरसन नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. तो प्रकार शंभरात सुमारे दोन रुग्णांत आढळतो. शंभरात दोन. पण त्याआधी शून्य होते.

दुसऱ्या दिवशी पुतणीने आम्हा सर्वांसमोर त्या केंद्राला फोन लावला. तीनच प्रश्न विचारले. तुमची ही चाचणी सरकारी नोंदवहीत आहे का? क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत अशी नोंद २००९ पासून सक्तीची आहे, तिचा नंबर द्या. नैतिकता समितीची परवानगी दाखवाल का? आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? पलीकडून आधी गोड बोलणे झाले, मग “तुम्ही पेशंटला घेऊन या, सगळे समजावून सांगू” झाले, मग फोन ठेवला गेला. नंबर मिळाला नाही.

भाई पलंगावरून सगळे ऐकत होते. तेव्हा त्यांचे बोलणे जड झाले होते, पण कळत होते. ते मुलाला म्हणाले, “जमीन राहू दे. हिचे शिक्षण पूर्ण कर.” मी सही केली नाही.

त्या साडेचार लाखांतून नव्हे, पण घरातल्या शिलकीतून आम्ही काही गोष्टी केल्या. पलंग बदलला. गिळायला त्रास होऊ लागला तेव्हा पोटातून अन्नाची नळी बसवून घेतली. रात्री श्वासाला मदत करणारे यंत्र भाड्याने आणले. फिजिओथेरपीवाला मुलगा आठवड्यातून दोनदा यायचा. बोलणे थांबल्यावर पुतणीने पुठ्ठ्यावर मोठी अक्षरे लिहिली, भाई डोळ्यांनी अक्षर दाखवायचे आणि मी शब्द जुळवायचो. आयुष्यभर शब्द जुळवले, पण इतके महागाचे शब्द कधी जुळवले नव्हते. भाई २०२१ च्या जानेवारीत गेले.

श्रोतेहो, इथे मी थांबू शकलो असतो. पण एक गोष्ट सांगितली नाही तर मी तुम्हाला अर्धेच सांगितल्यासारखे होईल. चाळिसाव्यानंतर एके दुपारी भाभी मला म्हणाल्या, “एकदा करून पाहिले असते तर?” त्या भांडत नव्हत्या, नुसते विचारत होत्या. मी दारे, पडदे, पुण्याचे संशोधन, दिल्लीची तत्त्वे असे काहीच बोललो नाही. तुमचा नवरा गेला असताना कोणी तुम्हाला केंद्रकाचे दार समजावून सांगितलेले आवडेल का? त्यांचा प्रश्न विज्ञानाचा नव्हता. अशा प्रश्नावरच त्या केंद्राचे दुकान चालते, हे मला त्या दुपारी नीट कळले. आशा विकणारे बुद्धीला गिऱ्हाईक करत नाहीत, ते आपल्या मायेला गिऱ्हाईक करतात. आणि माया हिशेब विचारत नाही.

म्हणून हिशेब दुसऱ्या कोणीतरी विचारावा लागतो. ते काम आमच्या घरात एका पोरीने केले. त्यासाठी सख्ख्या भावाचे टोमणे सोसले. तुमच्या घरात अशी वेळ न येवो. आली, तर ते तीन प्रश्न लिहून ठेवा: नोंद आहे का, परवानगी आहे का, आणि पैसे कशाचे. उत्तर देणारा खरा असेल तर रागावणार नाही.

पुतणी आता एका प्रयोगशाळेत कामाला आहे. परवा सुट्टीला आली होती. पडदा जुना झाला, नवा घेऊ का, असे भाभींना विचारत होती. भाभींनी नको म्हटले. एका कोपऱ्याची शिवण उसवली आहे, तेवढी मी घालून घेणार आहे. सुईत दोरा मात्र मला तिच्याकडून ओवून घ्यावा लागेल. माझा आता खरोखरच चष्म्याचा नंबर वाढला आहे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)